आधी भोवरा बघ, मग फोटो

मनू, तुला केस आखूड करायचेत हे तुझ्या आईने मला फोनवर सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. मी निमूट ऐकून घेतलं. कापू नकोस असं मी म्हणणार नाही; डोंबिवलीत पार्लर चालवून जिने संसाराला हातभार लावला, ती मावशी तसं कोणत्या तोंडाने म्हणेल? पण खुर्चीत बसण्याआधी चार गोष्टी कानावर घालते. पुढे तुझी तू मुखत्यार.

मोबाइलमध्ये जपून ठेवलेला तो फोटो आधी बाजूला ठेव. फोटो घेऊन येणाऱ्या मुली हटकून म्हणतात, "माझाही चेहरा असाच गोल आहे." चेहरा असेल गं, पण केस? फोटोतल्या बाईचे केस मऊ, सरळ आणि आपले राठ, लाटालाटांचे असले, तर तोच कट आपल्या डोक्यावर भलताच दिसतो. चेहऱ्याला शोभेल असा आखूड कट जवळजवळ प्रत्येकीला सापडतो. केसांना मानवणारे कट मात्र मोजकेच असतात. म्हणून सुरुवात केसांपासून करायची.

एखाद्या रविवारी तेल न लावता केस धू. ड्रायर नको, सीरम नको, वेणीही घालू नकोस. आपोआप वाळू दे आणि मग ते काय करतात ते बघ. लांब केसांना स्वतःचं वजन असतं. त्या वजनाने लाटा ताणल्या जातात आणि आपली समजूत होते की आपले केस सरळच आहेत. वजन कापून जमिनीवर पडलं की त्याच लाटा वर उसळतात. जन्मभर सरळ म्हणवलेले केस आखूड झाल्यावर वळणदार निघाले, असं मी कितीतरी जणींचं पाहिलंय. शिवाय ओला केस ताणला जातो, हे वेगळंच. ओल्यात हनुवटीपर्यंत कापलेला कुरळा केस वाळला की कानाच्या पाळीशी जाऊन बसतो. तुझ्या केसांत वळण निघालं तर ते वाळलेले असतानाच कापायला सांग. निदान शेवटचा हात तरी वाळल्यावर फिरवायला सांग.

आता भोवरा. टाळूच्या मागे जिथून केस गोल फिरत निघतात ती जागा. लांब केसांत तो दबून जातो, त्यामुळे आपला भोवरा नेमका कुठे आहे हे बऱ्याच बायकांना ठाऊकच नसतं. भिंतीवरच्या आरशाकडे पाठ कर, हातात छोटा आरसा धर, केस जरा ओले कर आणि बोटांनी बाजूला सारून बघ. मधोमध आहे, की एका अंगाला सरकलेला? एक आहे की दोन? (दोन असले तर आजी लगेच दोन लग्नांचं भाकीत करेल, तिला दाखवू नकोस.) भोवऱ्याजवळचे केस फार आखूड झाले की शेंडीसारखे उभे राहतात आणि कितीही पाणी लावलं तरी बसत नाहीत. तिथे थोडी लांबी राखली की केस स्वतःच्या भारानेच खाली बसतात. भांगही भोवऱ्याच्या कलाने पाडायचा. केस ज्या बाजूला आपणहून पडतात तीच बाजू धरलीस तर रोजची मारामारी वाचते.

असाच एक छोटा भोवरा कधी कधी कपाळावर, भांगाच्या तोंडाशी असतो. तो असला तर सरळ रेषेतली फ्रिंज विसर. ती मधोमध फाकणारच. तिरकी, एका बाजूला झुकणारी फ्रिंज त्याला चालते.

आणि मानेवरचे केस. ते तर कोणी बघतच नाही. काहींचे मानेवरचे केस शिस्तीत खाली वाढतात, काहींचे दोन्हीकडून मध्ये वळतात, काहींचे चक्क वरच्या दिशेला जातात. मानेच्या रेषेवर अचूक थांबणारा बॉब अशा केसांवर दोन दिवसही नीट राहत नाही, टोकं बाहेर वळतात. तिथे एकतर मान झाकेल एवढी लांबी ठेवायची, नाहीतर मागचे केस पार बारीक, मानेशी मिळवून कापायचे. मधली लांबी नको.

दाटपणाचंही बघ. सगळे केस मुठीत धरलेस की अंदाज येतो. विरळ केसांना एका रेषेत कापलेला बॉब चांगला, कारण सगळी टोकं एका जागी आल्यामुळे केस भरलेले दिसतात. अशा केसांना लेयर फार दिले की टोकं झिरझिरीत होतात. दाट, राठ केसांचं उलटं. त्यांना एका रेषेत कापलं की खालून फुलून त्रिकोण होतो, म्हणून त्यांना आतून लेयर हवेत. मात्र लेयर मागितले की काही जण सरळ थिनिंगची दातेरी कात्री उचलतात आणि भसाभस चालवतात. त्या दिवशी केस हलके वाटतात. मग आत कापलेले तेच आखूड केस वाढू लागतात आणि झाडूच्या हिरांसारखे बाहेर डोकावतात. 'थिनिंग बेताने करा', हे आधीच सांगून टाक. वळणदार किंवा कोरड्या केसांवर रेझर तर फिरवूच देऊ नकोस, टोकं फाटून केस फुगतात.

चेहऱ्याचं थोडक्यात सांगते, कारण त्यावर जगाने उगाच फार शाई खर्च केली आहे. सव्वादोन इंचांचा एक नियम तुला कुठेतरी भेटेल. जॉन फ्रीडा या ब्रिटिश केशरचनाकाराच्या नावावर तो सांगतात. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीखालून पट्टी उभी धरायची आणि दोन्ही मिळतात तिथपर्यंतचं अंतर मोजायचं. सव्वादोन इंचांपेक्षा कमी भरलं तर आखूड केस शोभतील, जास्त भरलं तर लांब. करून बघायला गंमत आहे. पण जास्त भरलं म्हणून कोणी हिरमुसून परत जाऊ नये. माझ्या मते त्याहून कामाची गोष्ट ही, की कट जिथे संपतो तिथे बघणाऱ्याची नजर थांबते. बॉब जबड्याच्या सर्वांत रुंद जागी संपवलास तर जबडा रुंद दिसेल. बोटभर खाली किंवा वर नेलास तर नाही. तुझी मान छान लांब आहे, ती मोकळी पडू दे.

कपाळ मोठं असेल तर फ्रिंज, हा उपाय आपल्याकडे 1960 सालच्या 'लव्ह इन सिमला' या सिनेमाने घराघरांत पोचवला. त्यातल्या नायिकेचं, साधनाचं, कपाळ रुंद होतं, ते झाकण्यासाठी ऑड्री हेपबर्नसारखी फ्रिंज कापली आणि तो 'साधना कट' होऊन बसला. आमच्या आधीच्या पिढीतल्या बायका पार्लरमध्ये येऊन नुसतं 'साधना' म्हणायच्या, पुढे काही सांगावं लागायचं नाही. पण सिमल्याची हवा निराळी. मुंबई-ठाण्याच्या घामात ऑफिसला पोचेपर्यंत फ्रिंज कपाळाला चिकटते, आणि दर तीन-चार आठवड्यांनी ती डोळ्यांत येते. चष्मा असेल तर आणखी भर. तू चष्मा लावतेस, म्हणून सांगते, फ्रिंज हवीच असेल तर ती चष्म्याच्या फ्रेमवर टेकता कामा नये. जाताना चष्मा लावून जा, रोजचे कानातले घालून जा, ते आधी दाखव आणि मग काढून ठेव. चष्म्याच्या काड्या कानावरचे केस दाबतात, हे कापणाऱ्याला कळायला हवं.

कोणाकडे जायचं? तुला हनुवटीपर्यंतचा बॉब हवा असेल तर चांगल्या पार्लरमधली, रोज बॉब कापणारी ताई शोध. पण बॉयकट हवा असेल, मागून बारीक आणि कानाभोवती साफ, तर युनिसेक्स सलूनमध्ये पुरुषांचे केस कापून हात बसलेला कारागीर पुष्कळदा जास्त चांगला. माझंच पार्लर होतं तरी हे सांगते. कंगव्यावर कात्री चालवून केस उतरत उतरत मानेला मिळवणं हे त्यांचं रोजचं काम. कंगवा मानेवरून वर सरकत जातो, त्याच्या दात्यांतून जेवढे केस बाहेर येतील तेवढेच कात्री उडवते आणि हात कुठेही थांबत नाही. जिथे थांबला तिथे पायरी पडते. लांब केसांवरच हात बसलेल्यांना ही पायरी पुसणं जड जातं. मशीन लावणार असतील तर नंबर विचारून घे: 1 नंबर म्हणजे 3 मिलिमीटर, 2 म्हणजे 6, 3 म्हणजे 10, 4 म्हणजे 13. पहिल्या वेळी 4 लावायला सांग. कमी करणं हातात असतं, वाढवणं नसतं.

त्याच कारणासाठी कंबरेपासून एकदम बॉयकटवर उडी मारू नकोस. आधी हनुवटीपर्यंत ये. दोन महिने त्यात राहा. केस कसे वागतात ते कळेल, मानेला वारा लागायची सवय होईल, मग हवं तर कानापर्यंत जा. आणि वेणी कापायचीच आहे तर ती वाया घालवू नकोस. कर्करुग्णांच्या टोपांसाठी केस घेणाऱ्या संस्था आहेत. बऱ्याच ठिकाणी निदान 12 इंचांची लांबी मागतात आणि रंगवलेल्या केसांबद्दल प्रत्येकीचे नियम वेगळे असतात, तेव्हा आधी विचारून घे. केस धुऊन पूर्ण वाळव, वेणीला वर-खाली रबर बांध आणि वरच्या रबराच्या वर कात्री लावायला सांग. ओले केस बांधून दिले तर कुजतात.

जाताना केस रोजच्यासारखे ठेव. तेल थापून नको आणि आदल्या दिवशी इस्त्री करूनही नको. आता तुझा तो फोटो बाहेर काढ, पण तुझ्यासारखे केस असलेल्या बाईचा, आणि मागच्या बाजूचा एक तरी. 'थोडे कापा' म्हणू नकोस. तुझं थोडं आणि त्यांचं थोडं यांत चार बोटांचं अंतर असतं. बोट स्वतःच्या गालावर ठेवून दाखव, "वाळल्यावर इथे यायला हवेत." केराटिन, मेंदी, रंग, काय काय केलंय ते लपवू नकोस. मेंदीचे केस कात्रीखाली वेगळे लागतात, कसबी हाताला ते कळतंच.

खुर्चीत बसलीस की पायावर पाय टाकू नकोस. दोन्ही पावलं खाली टेकव. एक पाय दुसऱ्यावर गेला की कंबर कलते, खांदा कलतो आणि बॉबची रेषा एका बाजूला उतरते. मग घरी येऊन म्हणायचं, वाकडं कापलं! मान खाली घाल म्हटलं की घाल, मध्येच मोबाइल बघायला वर करू नकोस. शेवटी कापणारी तुझ्या समोर उभी राहील, दोन्ही कानांजवळची एकेक बट चिमटीत धरून हनुवटीखाली एकत्र आणेल. दोन्ही टोकं जुळली की लांबी बरोबर. तिने हे केलं नाही तर तू कर. उठण्याआधी डोकं झटक, बोटं फिरव, मागचा आरसा माग. काही खटकलं तर तिथेच सांग. जी कापते तिला दोन मिनिटं जास्त देण्यात काही वाटत नाही, उलट घरी जाऊन कुरकुरणारं गिऱ्हाईकच नको असतं.

लंडनच्या व्हिडाल ससूनने 1960च्या दशकात सगळा धंदाच बदलून टाकला. त्याआधी बायका दर आठवड्याला रोलर लावून ड्रायरखाली बसायच्या. त्याने केस असे मापात कापायला सुरुवात केली की धुऊन, झटकून ते आपोआप जागेवर यावेत. कट चांगला झाला की नाही, याची परीक्षा आजही तीच आहे. पार्लरमधून बाहेर पडताना सगळेच कट सुंदर दिसतात. घरी स्वतः धुतल्यावर कसा बसतो ते बघ.

आता रोजचं. केस ओला झाला की त्यातले काही बंध सुटतात आणि वाळताना नव्याने जुळतात. वाळताना केस ज्या दिशेला असेल ती दिशा तो पुन्हा ओला होईपर्यंत धरून ठेवतो. लांब केसांत हे खपून जातं, आखूड केसांत सगळा खेळच याचा. म्हणून ओले केस घेऊन झोपायचं नाही, सकाळी कोंबड्याचा तुरा घेऊन उठशील. टॉवेलने खसाखसा पुसू नकोस, जुन्या सुती पंचाने टिपून घे. ड्रायर वापरणार असशील तर आधी फ्रिंज आणि भोवरा, मग बाकीचं, कारण वाऱ्यावर वाळून तेच आधी वाकडे होतात. भोवऱ्यावर ड्रायर धरून केस आधी डावीकडे, मग उजवीकडे, पुन्हा डावीकडे असे बोटांनी फिरवत वाळव. मुळांची एका दिशेची खोड मोडते. हवेचा झोत मुळाकडून टोकाकडे असू दे. शेवटी थंड हवा. इस्त्री केलीस तर पूर्ण वाळलेल्या केसांवरच.

वॅक्स किंवा पोमेड हरभऱ्याच्या डाळीएवढं पुरतं. तळहातावर चोळून दिसेनासं झालं की मगच केसांना, आणि सुरुवात मागून करायची. सगळ्या मुली पहिला हात कपाळावर मारतात आणि तिथेच सगळा चिकटा होतो. खोबरेल तेल सोडायला मी सांगत नाही, फक्त न्हाण्याआधी तासभर लावून धुऊन टाक. न्हाल्यावर लावलेलं तेल आखूड केसांना चप्प बसवतं.

पावसाळ्यात केस फुगणारच. हवेतला ओलावा केसांत शिरतो आणि ड्रायरने बसवलेलं वळण सोडवतो. जून ते सप्टेंबर सरळ करण्याच्या फंदात पडू नकोस, लाटा असतील तर त्यांनाच थोडं जेल लावून राहू दे. स्कूटरवरच्या हेल्मेटचा उपाय साधा आहे: केस पूर्ण वाळवून, आत पातळ सुती स्कार्फ बांधून मगच हेल्मेट घाल, आणि उतरल्यावर बोटं पाण्यात बुडवून फक्त मुळांशी फिरव. दमट केसांवर हेल्मेट घातलंस तर त्याचाच साचा दिवसभर डोक्यावर राहतो.

नऊवारी आणि गजऱ्याची चिंता तुझ्या आईला आहे, तुला नाही, तरी सांगते. बॉबवर गजरा बसतो. वरचे केस घेऊन मागे अर्धे बांध, त्याखाली दोन काळ्या पिना फुलीसारख्या एकमेकींवर खोच आणि गजरा त्या फुलीत अडकव. पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवायची, म्हणजे ती केसाला धरून राहते. जवळजवळ सगळ्या जणी उलटी लावतात. गंगावन लावून अंबाडा घालायचा असेल तर निदान छोटी पोनी बांधता येईल एवढे केस हवेत. घरात पुढच्या वर्षी कोणाचं लग्न असेल तर बॉयकट आत्ताच करू नकोस, एवढंच.

आजी बोलली तर मनावर घेऊ नकोस. तिच्या लहानपणी वाड्यात लाल अलवणातल्या, डोकं भादरलेल्या विधवा बायका तिने पाहिल्या आहेत. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतले नाभिक बांधव एकत्र आले आणि विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं, तरी घराघरांतून ती रीत जायला पुढे किती वर्षं लागली. सवाष्णीच्या डोक्याला कात्री म्हटलं की तिच्या पोटात गोळा येतो तो तिथून. तिच्याशी वाद घालू नकोस. कापून आलीस की तिच्याजवळ जाऊन बस आणि मागून नीट झालेत का ते तिलाच विचार.

आता शेवटचं, आणि हे खर्चाचं आहे. आखूड केसांना कमी बघावं लागतं, असं समजून बसू नकोस. न्हायला वेळ कमी लागतो, शाम्पू कमी लागतो, हे खरं. पण केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. कंबरेपर्यंतच्या वेणीत तो अर्धा इंच कोणाला दिसत नाही. बॉयकटमध्ये तोच सगळा आकार बिघडवतो. बॉयकटला दर चार ते सहा आठवड्यांनी, बॉबला सहा ते आठ आठवड्यांनी पार्लर आलंच. कट एवढाच खर्च धरू नकोस, वर्षभराच्या फेऱ्या मोजून मग ठरव. रंग लावत असशील तर मुळंही लवकर दिसतात. उलट पिकलेले केस रंगवणं सोडायचं असेल तर आखूड कटासारखा मार्ग नाही, दोन-तीन फेऱ्यांत जुना रंग निघून जातो.

आणि कंटाळा आला, वाढवावेसे वाटले, तरी पार्लर बंद करू नकोस. वरचे केस तसेच राहू देत, दर दीड-दोन महिन्यांनी फक्त मानेवरचे कापून घे. मागचे आधीच मानेशी असतात, वरच्यांना तिथवर यायला वेळ लागतो. मागचे आवरले नाहीस तर मानेवर शेपटी सुटते आणि वैतागून बायका पुन्हा कापून येतात. बॉयकटपासून खांद्यापर्यंत यायला दीड-दोन वर्षं धर.